बारावीचा सेंडऑफ: प्रत्येकासाठी एक खरं वाक्य

प्रश्न असा आहे. नागपुरातल्या एका ज्युनियर कॉलेजात बारावीला तिन्ही शाखा मिळून १३२ मुलंमुली आहेत. दरवर्षी निरोप समारंभात पाच-सहा जणांचा सत्कार होतो, बाकीचे टाळ्या वाजवतात आणि नाश्ता करून घरी जातात. यंदा प्रत्येकाच्या कर्तबगारीचा आणि स्वभावाचा गौरव करायचा आहे, त्याची छोटी पुस्तिकाही काढायची आहे. वर्गशिक्षिका विचारतात: सुरुवात कुठून करायची, आणि कार्यक्रम चार तास लांबू नये यासाठी काय करायचं?

मॅडम, हॉल, पाहुणे आणि डेकोरेशन सध्या बाजूला ठेवा. आधी १३२ वाक्यं हातात हवीत. प्रत्येक मुलाबद्दल एक वाक्य, पंचवीस शब्दांच्या आत, खरं, आणि दुसऱ्या कुणालाही लागू न पडणारं. ते मंचावर वाचलं जाईल, पुस्तिकेत छापलं जाईल आणि कार्डावर त्याच्या हातात जाईल. ही वाक्यं चांगली असतील तर पटांगणावर सतरंज्या टाकूनही समारंभ देखणा होतो. ती वरवरची असतील तर हॉलभर फुलं लावूनही मुलं मोबाईलमध्येच बघत बसतात.

आधी तारीख. पूर्वी सेंडऑफ फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात चालून जायचा. २०२४ मध्ये बारावीची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली होती. २०२५ मध्ये ती ११ फेब्रुवारीलाच सुरू झाली आणि प्रात्यक्षिकं २४ जानेवारीपासून होती. त्यातच विज्ञान शाखेच्या बऱ्याच मुलांची जेईई मेनची पहिली फेरी जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात येते. म्हणजे मोकळी जागा उरते ती संक्रांत आणि २१ जानेवारी यांच्या मधली. संक्रांतीनंतरचा पहिला शनिवार धरा. तिळगुळाचं निमित्त असतं, सराव परीक्षा बहुतेक आटोपलेली असते आणि मुलांच्या डोक्यावर अजून प्रात्यक्षिकांचं ओझं चढलेलं नसतं. त्या तारखेवरून मागे मोजलं तर नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात फॉर्म वाटायला हवेत, २० डिसेंबरपर्यंत वाक्यं तयार हवीत आणि ५ जानेवारीला पुस्तिका छापायला जायला हवी. डिसेंबरात गॅदरिंगची धावपळ असते. विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्स, सीताबर्डी भागात रस्ते अडतात, सभागृहंही सहजी मिळत नाहीत. हे काम डिसेंबरच्या शेवटावर ढकललं की हमखास फसतं.

आता माहिती गोळा करणं. बहुतेक ठिकाणी मुलाला एक फॉर्म देतात: नाव, छंद, आवडता विषय, ध्येय. त्यातून 'क्रिकेट, गाणी ऐकणे, डॉक्टर व्हायचं आहे' एवढंच हाती लागतं आणि १३२ पैकी साठ फॉर्म सारखे निघतात. प्रश्न गुणांबद्दल न विचारता कृतीबद्दल विचारा. मुलासाठी सहा प्रश्न पुरेत. या दोन वर्षांत कुठलं काम तू शेवटपर्यंत नेलंस? कुठली गोष्ट आधी जमत नव्हती आणि आता जमते? कॉलेजात तुझी नेहमीची जागा कुठली? घरातलं कुठलं काम तुझ्याकडे असतं? कुणाला तू काय शिकवलंस? तुझ्याबद्दल मंचावर काय सांगितलेलं तुला आवडणार नाही? हा सहावा प्रश्न कितीही घाई असली तरी गाळू नका. पुढची निम्मी रडारड तो वाचवतो.

मित्राला एकच प्रश्न: तो किंवा ती आली नाही त्या दिवशी वर्गात काय कमी असतं? मित्र कोण हे मुलानं ठरवावं, पण दोघांनी एकमेकांचीच नावं देऊ नयेत. नाहीतर दोघं शेजारी बसून एकमेकांचं कौतुक लिहून देतात. त्यानंतर चिठ्ठ्या घेऊन लॅब असिस्टंट, ग्रंथपाल, ऑफिसातले बाबू, शिपाईमामा, पीटीचे सर यांच्याकडे जा. फिजिक्सचं सामान कोण जागच्या जागी ठेवतं, वाचनालयातलं कुठलं पुस्तक कोणी तीनदा नेलं, फी भरायला आलेल्या आजोबांना खुर्ची कोणी दिली, हे शिक्षकांना दिसत नाही. या लोकांना ते रोज दिसतं. त्यांना यादी देऊन 'यातल्या कोणत्या वीस मुलांबद्दल काही आठवतं?' असं विचारलं की उत्तरं मिळतात. 'सगळ्यांबद्दल सांगा' म्हटलं तर कुणाबद्दलच मिळत नाहीत.

नागपुरातली खरी अडचण वेगळीच आहे. विज्ञान शाखेतली बरीच मुलं दिवसभर कोचिंगमध्ये असतात आणि कॉलेजात फक्त प्रात्यक्षिकांना उगवतात. त्यांच्याबद्दल वर्गशिक्षिकेकडे हजेरीपटावरच्या नावापलीकडे काही नसतं. अशा मुलांसाठी तीन जागा शोधा. पहिली म्हणजे प्रॅक्टिकलचं जर्नल. त्यातली आकृती, चुकलेलं रीडिंग खोडून पुन्हा घेतलेलं, उत्तराचं एकक न विसरता लिहिलेलं, यातून माणूस दिसतो. दुसरी जागा कोचिंगमधला सोबती. तिसरी जागा घर. आईला किंवा बाबांना फोन करून एवढंच विचारा, 'या वर्षी तो घरात असं कुठलं काम करायला लागला, जे आधी करत नव्हता?' पालक 'खूप अभ्यास करतो' म्हणतील. तेव्हा 'अभ्यासाशिवाय?' एवढं विचारून गप्प राहा. उत्तर येतंच. ही मुलं कॉलेजात येत नाहीत म्हणून त्यांना 'उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा' अशा ओळीवर सोडवायचं, हे मला अजिबात मान्य नाही. ती तुमच्याच पटावरची मुलं आहेत.

लिहिणारे सहा शिक्षक ठरवा. १३२ भागिले ६, म्हणजे प्रत्येकाकडे २२. एका वाक्याला पंधरा मिनिटं धरली तर माणशी साडेपाच तास, म्हणजे दोन शनिवार. एकट्यानं सगळी लिहू नयेत. चाळीसच्या पुढे हात आपोआप तेच तेच शब्द काढायला लागतो. पण शेवटी सगळी वाक्यं एकाच माणसानं ओळीनं वाचायला हवीत, पुनरुक्ती पकडण्यासाठी.

वाक्याची घडण अशी: कृती, तिचा तपशील, आणि बस. विशेषण नको. 'हुशार, मनमिळाऊ व अभ्यासू विद्यार्थिनी' यातून कुणीच उभं राहत नाही. त्याच मुलीबद्दल असं लिहिता येतं: 'टायट्रेशनची दोन रीडिंग जुळेपर्यंत चौथं, पाचवं घेणारी, आणि ब्युरेट धुऊन उलटी अडकवल्याशिवाय लॅब न सोडणारी.' ऐकणाऱ्याला हुशारी, चिकाटी, टापटीप सगळं कळतं आणि एकही शब्द त्या अर्थाचा वापरावा लागत नाही. 'शांत स्वभावाचा विद्यार्थी' ऐवजी 'तासाला हात कधी वर करत नाही, पण मागच्या दोन बाकांवर सगळ्यांच्या अकाउंट्सचा ताळेबंद याच्या वहीवरून जुळतो.' 'जिद्दी व कष्टाळू' ऐवजी 'काटोलहून एसटीनं येऊन सकाळच्या पहिल्या तासाला दोन वर्षांत फक्त तीनदा उशिरा आलेली.' इथे आकडा हजेरीपटावरून तपासूनच लिहायचा. अंदाजानं लिहिलेला आकडा वर्गातलं कुणीतरी ऐकताक्षणीच खोडून काढतं, आणि मग बाकीची १३१ वाक्यंही लोकांना पोकळ वाटू लागतात.

वाक्य पक्कं झालं का हे बघायची एक साधी तपासणी आहे. नावावर बोट ठेवा आणि वाक्य वर्गातल्या तीन मुलांना वाचून दाखवा. तिघांनी तेच नाव सांगितलं तर वाक्य झालं. तिघांनी तीन नावं सांगितली तर फॉर्मकडे परत जा.

स्वभाव लिहिताना सगळ्यात जास्त घोळ विनोदाच्या नावाखाली होतो. गॅदरिंगमधले फिशपॉन्ड आणि सेंडऑफला दिली जाणारी टायटलं यांची आपल्याकडे जुनी सवय आहे, मुलं ती मागतीलही. रंग, उंची, वजन, बोलण्यातली लकब, कुणाचं कुणाशी जमतं, आडनाव, वस्ती, मार्क: यावरचं काहीही मंचावर येऊ देऊ नका. ज्याच्यावर हसतात तोही त्या वेळी हसतो, म्हणून 'त्याला चाललं' असा समज होतो. चारशे लोकांसमोर हसण्यावाचून त्याच्याकडे दुसरा मार्ग नसतो, एवढंच. खोडकर पोट्ट्यांबद्दल गोडीनं लिहिता येतं. 'पंखा बंद पडला की बाकावर चढणारा पहिला, आणि तो सुरू झाल्यावर चॉकनं पंख्यावर दुरुस्तीची तारीख लिहिणारा' यात खोडी आहे आणि मुलाचा मानही आहे.

दुसरा घोळ करुणेचा. वडिलांच्या तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर पहाटे पाचला उभा राहणारा मुलगा, धुणीभांडी करणाऱ्या आईची मुलगी, व्हीलचेअरवरचा विद्यार्थी. यांच्याबद्दल 'परिस्थितीवर मात' हे दोन शब्द आले की त्यांचं सगळं व्यक्तिमत्त्व एका दुःखात कोंबलं जातं. ठेल्याचा उल्लेख मुलाला हवा असेल तरच करा, आणि केला तर कामाचा करा: 'शंभर प्लेटांचा हिशेब तोंडी ठेवणारा, म्हणून इकॉनॉमिक्सच्या गणितांना कॅल्क्युलेटर न काढणारा.' त्याला नको असेल तर त्याच्याकडे सांगण्यासारखं दुसरं काहीतरी असतंच.

कर्तबगारीची नोंद मात्र काटेकोर हवी. स्पर्धेचं नाव, भरवणारी संस्था, वयोगट, ठिकाण, वर्ष, कितवा क्रमांक, आणि प्रमाणपत्राची झेरॉक्स फॉर्मला जोडलेली. जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय या पायऱ्या गोंधळू देऊ नका. शालेय क्रीडा स्पर्धांची उतरंड सरकारी असते, तर 'नॅशनल लेव्हल ऑलिम्पियाड' असं नाव घेणारी खासगी परीक्षा कुणीही काढू शकतं. दोन्ही नोंदवा, पण प्रमाणपत्रावर आहे त्याच शब्दांत. राष्ट्रीय सेवा योजनेचे दोन वर्षांचे २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर ज्यानं पूर्ण केलं, त्याची नोंद पदकाइतक्याच मानानं यायला हवी. हे तास वहीत लिहिलेले असतात, म्हणून तपासताही येतात.

नेमकेपणानं काय फरक पडतो ते आपल्याच शहरातल्या उदाहरणावरून बघा. 'दिव्या देशमुख हिने बुद्धिबळात नागपूरचं नाव उज्ज्वल केलं' हे वाक्य खरं आहे, पण ऐकून काही कळत नाही. 'दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमी इथे अंतिम फेरीत कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली' हे वाक्य वाचताना आवाज चढवायची गरजच पडत नाही. तुमच्या कॉलेजातल्या विभागीय कबड्डी स्पर्धेतल्या तिसऱ्या क्रमांकालाही हाच न्याय लावा.

मार्क या समारंभात नकोत. दहावीची टक्केवारी जुनी झाली, सराव परीक्षेची कच्ची आहे, आणि बोर्डाचा निकाल मे महिन्यात येतो (२०२५ चा ५ मे रोजी आला). गुणवंतांचा सत्कार निकालानंतर वेगळा ठेवा. दोन्ही एकत्र केले की १३२ जणांचा समारंभ पुन्हा पाच जणांचाच होतो.

आता नावं. हा भाग लोक शेवटच्या दिवशीवर टाकतात आणि तिथेच माती खातात. बोर्डाच्या कागदांवर नाव रोमन लिपीत आणि आडनावापासून असतं. त्यावरून संगणकानं देवनागरी केलं की गावंडेचे गवांदे होतात, काळेचे काले, डांगेचे दांगे, टेंभुर्णेचे तेंभुर्ने. रोमनमध्ये ड आणि द एकच, ट आणि त एकच, ळ आणि ल एकच. म्हणून प्रत्येक मुलानं आपलं नाव स्वतःच्या हातानं देवनागरीत लिहून द्यायचं. ज्यांचं शिक्षण हिंदी, उर्दू किंवा इंग्रजीतून झालंय त्यांना मित्रानं मदत करायची. शिवाय मोबाईलवर स्वतःच्या आवाजात नाव रेकॉर्ड करून पाठवायचं, पाच सेकंद पुरेत. उईके, हेडाऊ, खोब्रागडे ही नावं वाचणाऱ्याला सवयीची असतील, पण जरीपटक्यातलं सिंधी आडनाव, मोमीनपुऱ्यातल्या मुलीचं तिहेरी नाव किंवा तेलुगू घरातलं लांब नाव ऐकल्याशिवाय नीट वाचता येत नाही. पूर्ण नाव कसं पुकारायचं तेही विचारा. कुणाला वडिलांचं नाव हवं असतं, कुणाला आईचं, कुणाला दोन्ही, कुणाला फक्त स्वतःचं आणि आडनाव. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आईचं नाव स्वतंत्र छापलेलं असतं, त्यामुळे माहिती तुमच्याकडे असते. तरीही मुलाच्या मनात काय आहे ते त्याच्याकडूनच यायला हवं.

क्रम अकारविल्हे लावा, आणि तोही पहिल्या नावानं. आडनावानं लावला तर तीच चार-सहा घराणी पुन्हा पुन्हा सलग येतात. शाखेनं लावला तर कला शाखेची पोरं नेहमीप्रमाणे शेवटी पडतात, तोवर पालक उठायला लागलेले असतात. पहिल्या नावानं लावलं की तिन्ही शाखा मिसळतात.

वाक्य पक्कं झाल्यावर ते कागदावर छापून मुलाला दाखवा आणि 'वाचलं, चालेल' अशी सही घ्या. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांचीही सही घ्या, आणि त्याच चिठ्ठीवर फोटो छापणं व व्हिडिओ काढणं यासाठी वेगवेगळे रकाने ठेवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालच्या व्यक्तीला बालक धरतो आणि तिच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. पुस्तिकेची पीडीएफ कॉलेजच्या पेजवर टाकायचा विचार असेल तर ही सही हवीच. माझा सल्ला, टाकू नका. छापील प्रत मुलांच्या घरी जाते, तेवढं पुरे. 'आश्चर्याचा धक्का जाईल' म्हणून वाक्य न दाखवण्याचा मोह होतो. धक्का वाईट बसला तर तो परत घेता येत नाही.

पुस्तिका ए-फाइव्ह आकाराची, म्हणजे नेहमीच्या ए-फोर कागदाच्या निम्मी, करा. एका पानावर चार मुलं बसवली तर ३३ पानं. त्यात एक शीर्षकाचं, एक शिक्षक-कर्मचाऱ्यांचं आणि एक सह्यांसाठी कोरं, अशी आतली ३६. मधोमध पिन मारायची तर पानांची संख्या चारच्या पटीत असावी लागते, म्हणून ३६ सोयीचं. ३७ वं पान वाढलं की थेट ४० करावी लागतात. आतला कागद १०० जीएसएमचा (हे कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, म्हणजे साधा, न चकाकणारा घ्या. दुकानदार गुळगुळीत आर्ट पेपर सुचवेल, फोटो त्यावर जास्त उठावदार येतात हे खरं. पण मुलं या पुस्तिकेवर एकमेकांच्या सह्या घेणार, आणि आर्ट पेपरवर पेनाची शाई लवकर वाळत नाही, पान मिटलं की समोरच्या फोटोवर उमटते. कव्हर ३०० जीएसएम आर्ट कार्ड. प्रती १६०: मुलांच्या १३२, शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या १८, वाचनालयासाठी आणि राखीव १०. एवढ्या प्रतींना ऑफसेटच्या प्लेटांचा खर्च परवडत नाही, डिजिटल छपाई घ्या. तेरा बाय एकोणीस इंचाच्या एका शीटवर दोन्ही बाजू मिळून आठ पानं बसतात. म्हणजे प्रतीला साडेचार शीट, १६० प्रतींना ७२० आणि कव्हरांच्या ८०. दर विचारताना हेच आकडे सांगा. नुसतं 'एका पुस्तिकेचे किती?' विचारलं की सीताबर्डी, महाल आणि धंतोली इथली तीन उत्तरं तीन वेगळ्या कागदांची असतात आणि तुलना करता येत नाही.

फोटो तीन बाय चार सेंटीमीटरचा छापायचा तर छपाईच्या ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) साधारण ३५४ बाय ४७२ पिक्सेल लागतात. आजचा कुठलाही मोबाईल ते सहज देतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की दाबला जातो, म्हणून डॉक्युमेंट म्हणून मागवा आणि फाइलला हजेरी क्रमांक द्या. त्याहून बरं म्हणजे सगळे फोटो एकाच दिवशी, सकाळी नऊ-दहाच्या सुमारास, व्हरांड्यात सावलीला, एकाच भिंतीसमोर काढा. स्टुडिओतला महागडा फोटो आणि आधार कार्डावरून कापलेला फोटो एकाच पानावर आले की पानावर श्रीमंती-गरिबी दिसते.

डीटीपीवाल्याकडे सगळ्यात मोठा धोका फॉन्टचा. तुम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे मोबाईल-संगणकावरच्या नेहमीच्या मराठीत, टाइप करता, तो ते श्रीलिपी या छपाईवाल्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलतो, आणि बदलताना ऱ्या, ॲ, र्य, ट्र, ज्ञ तुटतात. ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते. प्रूफ तपासताना हीच अक्षरं असलेली नावं वेगळी काढून आधी बघा: ऐश्वर्या, कृतिका, प्रज्ञा, ॲलन. छपाईला जाणारी अखेरची पीडीएफ कागदावर काढून प्रत्येक मुलानं आपल्या नावापुढे टिक करायची. स्क्रीनवर पाहून चूक सापडत नाही.

कार्ड हीच भेटवस्तू. ३०० जीएसएम, ए-फाइव्ह, त्यावर नाव आणि ते वाक्य, खाली वर्गशिक्षिकेची शाईच्या पेनानं केलेली सही. शीटवर चार बसतात, म्हणजे १३२ कार्डांना बरोबर ३३ शीट. खराब होणाऱ्यांसाठी दोन जास्त काढा. कार्डाचा कागद गुळगुळीत नसलेला घ्या, सहीसाठी. ट्रॉफ्या, शाल-श्रीफळ, बुके यांवर पैसे घालवू नका.

आता कार्यक्रमाचा हिशेब. पंचवीस शब्द सावकाश वाचायला तेरा-चौदा सेकंद लागतात. नाव तीन सेकंद, कार्ड घेऊन पुढे सरकायला बारा-तेरा. एका मुलाला तीस सेकंद, १३२ जणांना ६६ मिनिटं. सलग तासभर नावं ऐकवत नाहीत, म्हणून ४४-४४ च्या तीन फेऱ्या करा, प्रत्येकी २२ मिनिटांच्या. मधल्या दोन जागांत अकरावीच्या मुलांचं गाणं किंवा वादन, आठ मिनिटांचं. सुरुवातीला दहा मिनिटं, पाहुण्यांना दहा, मुलांतर्फे दोघांना तीन-तीन. सगळं मिळून पावणेदोन-दोन तास. पाहुण्यांचं भाषण पहिल्या फेरीनंतर ठेवा, आधी नको. चव्वेचाळीस वाक्यं ऐकल्यावर पाहुणेही मुलांबद्दल बोलतात. आधी माईक दिला तर आपल्या काळाबद्दल बोलतात आणि दहाची पंचवीस मिनिटं होतात.

जागा माणसांच्या मापाची हवी. मुलं १३२, पालक दोन-दोन धरले तर २६४, कर्मचारी वीस, म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास. रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह सुमारे २,००० आसनांचं आहे. तिथे चारशे माणसं विखुरली की टाळीचा आवाजच उमटत नाही. कॉलेजचं पटांगण उत्तम, फक्त वेळ सांभाळा. जानेवारीच्या मध्याला नागपुरात सूर्य सहाच्या आतच मावळतो आणि त्यानंतर गारठा झपाट्यानं पडतो. साडेतीनला सुरू, साडेपाचला संपवून नाश्ता. पटांगणावर मंच चढण्या-उतरण्याचा खेळच नको. मंचासमोर जमिनीवर गालिचा टाका आणि सगळ्यांना तिथेच बोलवा. पायऱ्यांचा वेळ वाचतो, आणि व्हीलचेअरवरच्या मुलाला चार जणांनी उचलून वर नेण्याचा प्रसंग येत नाही.

खुर्च्या अकरा-अकराच्या बारा रांगा, खुर्चीच्या पाठीवर यादीतला क्रमांक. एक रांग कार्ड घेत असताना पुढची रांग डावीकडे उभी, कार्ड घेतलेली मुलं उजवीकडून परत. कार्डांचे गठ्ठे त्याच क्रमानं, रांगेला एक लिफाफा. कुणी गैरहजर असेल तर रांग उभी राहतानाच त्याचं कार्ड बाजूला काढा, नाहीतर त्यापुढच्या प्रत्येकाला दुसऱ्याचं कार्ड मिळत जातं. वाचणारे दोघे, आलटून पालटून, एका फेरीला एक. कागदावर अक्षर १६ पॉइंटचं, पानावर सहाच नावं, आणि कुठलंही वाक्य पान उलटताना तुटू देऊ नका. रंगीत तालीम एकदा तरी करा, निदान पहिल्या दोन रांगांची. कॉर्डलेस माईकचे सेल नवे टाका, वायरचा एक माईक जोडून ठेवा.

टाळ्यांकडेही लक्ष हवं. लोकप्रिय मुलाला शिट्ट्या आणि त्याच्या पाठोपाठच्या मुलीला शांतता, हे त्या मुलीच्या मनात वर्षानुवर्षं राहतं. अकरावीची तीस मुलं दोन गटांत डावीकडे-उजवीकडे बसवा आणि त्यांना एवढंच काम द्या: प्रत्येक वाक्य संपलं की टाळी सुरू करायची, प्रत्येकाला सारखी. बाकीचे त्यांच्या मागे येतात.

नाश्त्याला तर्री-पोहे करणार असाल तर माणशी ७५ ग्रॅम धरून सव्वाचारशे जणांना ३२ किलो जाडे पोहे आणि तर्रीसाठी नऊ-दहा किलो हरभरे लागतील. पोहे एकदम भिजवू नका, तासाभरात गोळा होतो. आठ-आठ किलोचे चार घाणे काढा, तर्री गंजात (मोठ्या पातेल्यात) उकळती ठेवा आणि वाढतानाच वर घाला. लहान मुलं आणि आजीआजोबांसाठी एक गंज कमी तिखट.

वर्गातलं एखादं मूल या दोन वर्षांत गेलेलं असेल तर त्याचं नाव अकारविल्हे जिथे येतं तिथेच घ्यायचं की नाही, हे त्याच्या आईवडिलांना आधी जाऊन विचारा. त्यांनी हो म्हटलं तर त्याचंही वाक्य त्याच पद्धतीनं लिहा, तेवढ्याच शब्दांत, आणि कार्ड त्यांच्या हाती द्या.

त्या दिवशी दहा-बारा जण येणार नाहीत. कुणाची टेस्ट, कुणी आजारी, कुणाला यायचंच नसतं. त्यांचं वाक्य त्यांच्या क्रमानं वाचलं गेलंच पाहिजे, खुर्ची रिकामी असली तरी. कार्ड ऑफिसच्या कपाटात ठेवू नका, तिथे ते जूनपर्यंत पडून राहतं. प्रात्यक्षिकाच्या बॅचची यादी घ्या, त्या मुलाचा दिवस बघा आणि कार्ड त्या लॅबमध्ये सरांकडे देऊन ठेवा. प्रात्यक्षिक आटोपून तो निघाला की दारात थांबवून, आधी त्याला ते वाक्य वाचून दाखवायचं आणि मग कार्ड हातात द्यायचं.